डावा हात, माफ करा

डोम्प्रेसाहेबांचा मोबाइल चोरीला गेला, त्याचं क्लबात कुणालाच फारसं काही वाटलं नाही. सगळ्यांना हळहळ वाटली ती शिटीची.

आमच्या घानातल्या कुमासी शहरात शनिवारी सकाळी पिवळे टी-शर्ट घातलेली, पोटं पुढे काढलेली माणसं गाणी म्हणत, सगळा रस्ता अडवून, मागच्या टॅक्सीवाल्यांच्या शिव्या खात चाललेली दिसली तर समजावं की 'पहाटतारा कीप-फिट क्लब' धावतो आहे. क्लबाला घटना आहे, आश्रयदाते आहेत, सभासदाच्या घरी मयत झालं तर त्याच टी-शर्टाला काळी फीत लावून हजर राहायचा नियम आहे, आणि धावणं संपल्यावर बिअर आणि सळईवर भाजलेलं तिखट मांस आहे. क्लब निघाल्यापासून एकाही सभासदाचं वजन उतरलेलं नाही. उलट टी-शर्टांचं माप वाढवून घ्यावं लागलं. पण तब्येतीची काळजी घेतल्याचं समाधान वजनकाट्यावर मोजता येत नाही, असं अध्यक्ष प्रत्येक वार्षिक सभेत सांगत.

अध्यक्ष म्हणजे सिल्वेस्टर डोम्प्रे. नोकरी शाळा तपासनिसाची. त्यांची गाडी फाटकात दिसली की मास्तर लोक टाय शोधत धावत सुटायचे. क्लबात मात्र त्यांचा सगळा अधिकार गळ्यातल्या शिटीत होता. शिटी वाजेल तिकडे क्लबानं वळायचं, का म्हणून विचारायचं नाही, ही शिस्त त्यांनीच लावली होती.

त्या शनिवारी चौकात मोटारसायकलवरून दोन पोरं आली. मागच्यानं साहेबांच्या हातातला मोबाइल उचलला आणि जाता जाता गळ्यातली शिटीही दोरीसकट ओढून घेतली. एवढ्यावर थांबलं असतं तर पोलिसांत तक्रार करून विषय संपला असता. पण त्या कार्ट्यानं वळणावर शिटी वाजवली. शिटी वाजली म्हटल्यावर अख्खा क्लब गाणं म्हणत चोराच्या मागे वळला. त्याला पकडायला नव्हे, शिस्त म्हणून. चौकात अध्यक्ष एकटे उभे राहिले आणि टॅक्सीवाले त्यांच्याकडे बघून हसले. बऱ्याच वेळानं क्लब घामाघूम होऊन परत आला तेव्हा खजिनदार म्हणाले, "साहेब, आज तुम्ही वेग काय पकडला होता! वा!"

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. सल्ल्यांना सुरुवात झाली ती शेजारच्या भिंतीवरून. शेजारी बोआची हे कस्टममधून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा उघडून पाहिल्यामुळे दुसऱ्यांच्या भानगडी उघडून पाहण्याची त्यांना सवय होती.

"कुत्रा पाळा, साहेब," बोआची म्हणाले.

"कुत्रा घेऊन धावू?"

"तुम्ही नका धावू. कुत्र्याला धावू द्या. तुम्ही नुसती शिटी वाजवा." मग थोडं थांबून, "पण शिटी कुठाय म्हणा."

डोम्प्रेबाई, म्हणजे डोरा, एवढंच म्हणाल्या, "अहो, पण धावायला मोबाइल नेता कशाला?" हा प्रश्न इतका सरळ होता की त्याच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

पुढच्याच सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला. नुसतं तंदुरुस्त राहून भागत नाही, तंदुरुस्ती वाचवताही आली पाहिजे. सबब, धावणं झाल्यावर आणि बिअरच्या आधी स्वसंरक्षणाचा तास. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. 'बिअरच्या आधी' की 'बिअरच्या नंतर' यावर मात्र दुपारपर्यंत चर्चा चालली.

शिक्षक मिळाले ते कमांडो बॅफोर. छाती हीऽऽ एवढी, आवाज त्याहून मोठा, डोळ्यांवर सकाळच्या धुक्यातही काळा चष्मा. लष्करात कुठं होता असं विचारलं की ते क्षितिजाकडे बघत आणि म्हणत, "ते सांगायची मला परवानगी नाही." एवढ्यानंच अर्धा क्लब गार झाला.

जागेचा प्रश्न उरला. शाळेचं पटांगण मिळायला महानगरपालिकेची परवानगी हवी होती. शाळा तपासनिसाला पटांगण न मिळावं म्हणजे काय, अशा तोऱ्यात साहेब गेले. क्रीडा विभागातली बाई म्हणाली, मारामारी हा खेळ नव्हे, सुरक्षा विभागात जा. सुरक्षा विभागातला माणूस म्हणाला, टी-शर्ट घालून करता म्हणजे खेळच आहे, क्रीडा विभागात जा. चार फेऱ्या झाल्यावर जिन्यात भेटलेल्या एका जुन्या कारकुनाला दया आली.

"साहेब, ओळीत उभे राहता का?"

"राहतो."

"हात हलवता? पावलं टाकता? तोंडानं आवाज काढता?"

"हो, पण ते..."

"मग हे नृत्य आहे," कारकून म्हणाला, आणि 'पहाटतारा सांस्कृतिक नृत्यपथक' या नावानं शिक्का मारून मोकळा झाला.

सरकारी शिक्का बसला की गोष्ट खरी होते. पुढच्याच आठवड्यात पथकाला नगरसेवकाच्या सासूच्या मयताला नाचायचं फर्मान आलं. नाही म्हटलं असतं तर पटांगण गेलं असतं. तेव्हा काळ्या-तांबड्या कपड्यातल्या हजारभर लोकांपुढे, ढोलांच्या तालावर, 'गळा धरल्यास सुटका' आणि 'पोटात गुडघा' हे दोन प्रकार सादर झाले. लोकांना फार आवडलं. एका म्हाताऱ्या बाईनं डोळे पुसत कमांडोच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवली. डोम्प्रेसाहेब मागच्या ओळीत होते, पण टी-शर्टावर पाठीमागे 'अध्यक्ष' लिहिलेलं होतं, त्यामुळे लपायला काही वाव नव्हता.

पण खरी पंचाईत पुढेच होती, आणि ती डाव्या हाताची होती.

आमच्याकडे डाव्या हातानं द्यायचं नाही, घ्यायचं नाही, कुणाला रस्ता दाखवायचा नाही, टाटा करायचा नाही. उजव्या हातात पिशव्या असल्या, अगदीच इलाज नसला, तर आधी म्हणायचं, "डावा हात, माफ करा," आणि मग पुढे करायचा. हे न करणारा माणूस एक तर परदेशी असतो किंवा भांडायला आलेला असतो. डोम्प्रेसाहेब या बाबतीत नुसते काटेकोर नव्हते, अधिकारी होते. 'उजवा हात आणि चारित्र्य' हे त्यांचं भाषण जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेनं ऐकलं होतं, काहींनी दोनदा. आणि बोलायचं तसं वागायचं म्हणून त्यांनी सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती. त्यांची एकुलती एक मुलगी अफ्राकोमा जन्मतः डावखुरी. साहेबांनी तिच्या डाव्या हाताच्या बोटांना रोज जेवायच्या आधी मिरची चोळून तो हात वळणावर आणला. आता ती मोठ्या इस्पितळात आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवण्याचं काम करत होती. जेवायची उजव्यानं, सूप सांडत. लिहायची उजव्यानं, आणि ते अक्षर वाचायला औषधवाल्याला नर्सला हाक मारावी लागे. "पण वळण लागलं," असं साहेब चारचौघांत अभिमानानं सांगत. अफ्राकोमा तेव्हा खोलीतून उठून जाई.

तर कमांडोचं सगळं शास्त्रच डाव्या हातावर उभं होतं.

"चोराचं लक्ष तुमच्या उजव्यावर!" ते गरजत. "त्यानं उजवं मनगट धरलं, धरू द्या! मनगट फिरवा, त्याला पुढे ओढा, आणि डाव्या तळव्यानं छातीवर ठोका!"

साहेबांनी मनगट फिरवलं, ओढलं, आणि म्हणाले, "डावा हात, माफ करा." मग ठोकलं. तोवर समोरचे खजिनदार बाजूला होऊन नाक शिंकरत होते.

"साहेब! माफी कसली मागताय?"

"सवय आहे हो."

"चोर तुमची माफी ऐकेल, स्वीकारेल, घरी जाऊन जेवून येईल आणि मग मार खाईल! पुन्हा!"

"डावा हात, माफ..."

कमांडोनं फतवा काढला. अध्यक्षांनी माफी मागितली की सगळ्या क्लबानं उठाबशा काढायच्या. पहिल्या दिवशी खजिनदारांच्या गुडघ्यातून आवाज यायला लागला. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी 'डावा' म्हणायला तोंड उघडलं की शेजारचा सभासद त्यांच्या तोंडावर हात ठेवू लागला. आणि दोनेक महिन्यांत कमाल झाली. जन्मभराची सवय गेली. मनगटाला स्पर्श झाला रे झाला की मनगट फिरे, डावा सुटे, आणि तोंडातून ब्रसुद्धा निघत नसे. कमांडोच्या डोळ्यांत पाणी आलं, निदान चष्म्याखालून काहीतरी ओघळलं खरं.

घरात मात्र याचा जाच सुरू झाला. डोरानं रिमोट घ्यायला हात धरला तर कोचावरची उशी खिडकीबाहेर गेली. न्हाव्यानं मान सरळ करायला मनगट बाजूला केलं तर न्हावीच बाजूला झाला.

"येत्या शनिवारी क्लबला जायचं नाही," डोरानं बजावलं. "दार ठोठावायला माणसं यायचीयेत."

दार ठोठावणं म्हणजे मुलाकडच्यांनी श्नॅप्स या दारूच्या बाटल्या घेऊन मुलीच्या घरी यायचं आणि "तुमच्या अंगणात एक फूल पाहिलं" वगैरे आडून आडून मागणी घालायची. अफ्राकोमाचं यॉ नावाच्या मुलावर मन बसलं होतं. मुलगा सालस, इस्पितळातलाच. पण आमच्याकडे मुलगा आईच्या घराण्याचा, त्यामुळे सगळं त्याच्या मामाच्या हातात. मामा म्हणजे मांपाँग गावचे ओपानिन (म्हणजे वडीलधारे) अडुसेई, घराण्याचे कर्ते, कोकोचे मळेवाले, बोलण्यात तोललेले आणि मानपानात कडक. आधीची दोन स्थळं त्यांनी मोडली होती. एकदा पाणी विचारायला उशीर झाला म्हणून आणि एकदा पाणी लवकर विचारलं म्हणून.

"बाबा, एवढी एक सकाळ," अफ्राकोमा म्हणाली. "मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

साहेबांना आठवेना. खरंच तिनं कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी कबूल केलं. आणि मग शनिवारी पहाटे, अध्यक्षच नाही म्हटल्यावर शिस्त काय राहील, या विचारानं ते मागच्या दारानं क्लबला जाऊन आले. तासभर मनगटं फिरवून, ताजेतवाने होऊन, अंघोळ करून, खांद्यावरून केंटेचं नवीन रंगीत वस्त्र पांघरून ते दिवाणखान्यात बसले. जेवणाचा वास धरून आलेले कमांडो बॅफोर खिडकीबाहेर उभे होते, हे त्यांना माहीत नव्हतं.

पाहुणे आले. रीतीप्रमाणे बसलेल्या यजमानांशी एका टोकापासून हस्तांदोलन करत निघाले. सगळ्यांत पुढे ओपानिन अडुसेई. आता आमचं हस्तांदोलन नुसतं हात हलवून होत नाही. हात सुटताना एकमेकांच्या मधल्या बोटाची चुटकी वाजवायची असते, आणि प्रेम जेवढं जास्त तेवढी चुटकी मोठी. ओपानिन तर जुन्या वळणाचे. ते हात धरत, धरून ठेवत, दुसऱ्या हातानं मनगट कवटाळत, माणसाला जवळ ओढत, चौकशी करत, आणि मग चुटकी.

त्यांनी मनगट कवटाळलं.

पुढचं वर्णन करण्यासारखं फार नाही, कारण डोळ्याचं पातं लवायच्या आत ते संपलं. मनगट फिरलं, ओपानिन पुढे आले, डावा तळवा सुटला, आणि मांपाँगचे कर्ते पुरुष मागच्या कोचात अफ्राकोमाच्या दोन आत्यांच्या मधोमध जाऊन बसले. पांघरलेलं वस्त्र पायाशी, टोपी दिव्याच्या शेडवर. मात्र पडतानाही त्यांनी साहेबांचं उजवं मनगट सोडलं नव्हतं, त्यामुळे साहेबही गुडघ्यावर आले आणि मनगटात काहीतरी कट्कन वाजलं.

तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला, "शाब्बास, साहेब! बिनमाफीचा!"

ओपानिननी वस्त्र सावरलं. अशा बैठकीत कर्ता माणूस थेट बोलत नाही, आपल्या बोलक्याच्या तोंडून बोलतो. ते बोलक्याकडे वळले. "विचार त्याला, कुठल्या हातानं मारलं?"

बोलका खाकरला. "ओपानिन विचारतात, जो हात त्यांच्या छातीच्या भेटीला आला, तो कुठल्या बाजूनं निघाला होता?"

डोम्प्रेंकडून बोलके म्हणून बोआची बसले होते. कस्टमवाल्याला असल्या प्रश्नांची सवय असते. "आमचं म्हणणं असं, की तो खिडकीच्या बाजूनं निघाला होता."

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"ते घर बांधणाऱ्याला विचारावं लागेल."

"डावा होता!" एक आत्या किंचाळली. "मी पाहिलं! डावा!"

ओपानिननी डोळे मिटले. "पडणं मला नवीन नाही. कोकोच्या झाडावरून पडलोय, लॉरीवरून पडलोय. विचार त्याला, हात काढण्याआधी काही म्हणाला का?"

सगळ्यांच्या नजरा डोम्प्रेसाहेबांवर. आयुष्यभर सुपारीएवढी वस्तू देतानासुद्धा ज्या माणसानं माफी मागितली, तो त्या दिवशी पहिल्यांदाच काही म्हणाला नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

"म्हटलं असतं तर चाललं असतं," ओपानिन उठत म्हणाले. म्हणजे तडाखा माफ होता. फक्त तो रीतीला धरून बसायला हवा होता. पाहुण्यांनी बाटल्या उचलल्या. फाटकापाशी बोलक्यानं अट सांगितली. आठ दिवसांत मनधरणी करायची. एक मेंढा, एक श्नॅप्स, आणि दोन्ही गोष्टी स्वतः अपराध्यानं, उजव्या हातानं, ओपानिनच्या हातात द्यायच्या. नाहीतर सोयरीक विसरा.

अफ्राकोमा रडली नाही, ओरडली नाही. तिनं बापाचं सुजलेलं मनगट पाहिलं आणि बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत पट्टी बांधून हात गळ्यात अडकवला. बांधताना तिचा डावा हात असा सफाईनं चालला होता की साहेबांना ते बघवेना.

"किती दिवस ठेवायचं?"

"मी सोडेन तेव्हा सुटेल."

"पण शनिवारी मला उजव्या हातानं..."

"हलवलात तर कायमचं वाकडं राहील," ती म्हणाली आणि गाठ घट्ट केली.

तो आठवडा साहेबांच्या आयुष्यातला सगळ्यांत लांब आठवडा. फुफूचा, म्हणजे कुटलेल्या कंदांचा, मऊ गोळा बोटांनी तोडून, सुपात बुडवून खायचा असतो, उजव्या हाताच्या बोटांनी. डाव्यानं खायचं म्हणजे स्वतःच्याच भाषणाला चूड लावायची. चमच्यानं खायचं म्हणजे फुफूचा अपमान. शेवटी खिडक्या लावून डोरा भरवू लागली. भिंतीपलीकडून बोआची विचारायचे, "जेवण झालं का साहेब, की अजून घास चालू आहेत?" कार्यालयात तर सही करता येईना. एका शाळेत 'उजवा हात आणि चारित्र्य' ठरलेलं होतं ते रद्द करावं लागलं. रात्री झोप लागेना. लग्न मोडलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, हा विचार मनगटापेक्षा जास्त ठणकत होता.

शनिवार उजाडला. मेंढा आणला होता, त्याला सांभाळायचं काम कमांडोंनी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं. पाहुणे अंगणात बसले आणि मेंढ्यानं कमांडोंना पहिल्याच धडकेत केळीच्या झाडात घातलं. चष्मा पडला. ओपानिनचा बोलका निरखून बघू लागला.

"अरे, हा तर बॅफोर! आमच्या बराकीच्या बँडात ट्रॉम्बोन वाजवायचा! काय फुंकायचा म्हणून सांगू!"

क्लबाचे सभासद मान देऊन आले होते. खजिनदारांनी आपले गुडघे चोळले.

"मेंढा राहू दे," ओपानिन म्हणाले. "बाटली घेऊ. उजव्या हातानं."

बोआची उभे राहिले. "आमच्या अपराध्याचा उजवा हात आपल्याच पकडीमुळे गळ्यात आहे. पकड फार प्रेमाची होती, याबद्दल आमची तक्रार नाही. पण आता हात आणायचा कुठून?"

मग जी चर्चा झाली ती उच्च न्यायालयात शोभली असती. एक आत्या म्हणाली, डोरानं द्यावं. पण हात अपराध्याचाच हवा. यॉच्या काकांनी सुचवलं, अपराध्यानं बाटली दातात धरावी. डोम्प्रेसाहेब हे ऐकत बसले होते, क्लबाचे अध्यक्ष, जिल्ह्याचे तपासनीस, आणि दातात बाटली धरली तर ती कुठल्या बाजूनं धरावी यावर दोन घराणी बोलत होती. शेवटी ओपानिननाच आठवलं. त्यांच्या गावी लाकूड कापायच्या कारखान्यात एकाचा उजवा हात गेला होता. तेव्हा थोरांनी बाटली फोडून, जमिनीवर चार थेंब शिंपडून, त्याचा डावा हात हाच यापुढे उजवा, असं जाहीर केलं होतं.

"मग आज संध्याकाळपर्यंत यांचाही करून टाकू," ते म्हणाले.

थेंब शिंपडले. पूर्वजांना कळवलं. बोलक्यानं मोठ्यानं घोषणा केली, की सिल्वेस्टर डोम्प्रे यांचा डावा हात सूर्य मावळेपर्यंत उजवा आहे. साहेबांनी डाव्या हातानं बाटली पुढे केली, सवयीनं तोंड उघडलं, आणि क्लबाच्या खजिनदारांनी सवयीनं धावत येऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. ओपानिननी बाटली घेतली. टाळ्या पडल्या. डोरानं डोळे पुसले. सगळं निभावलं होतं.

राहिला तो नुसता उपचार. मुलाकडच्यांनी परत आणलेल्या बाटल्या पुढे ठेवून, मुलीला बोलावून तीनदा विचारायचं, हे पेय आम्ही घ्यायचं ना? तिनं तीनदा लाजून हो म्हणायचं.

"अफ्राकोमा, घ्यायचं?" बोआचींनी विचारलं.

ती गप्प.

"पोरी, घ्यायचं ना?"

"माझाही जाहीर करा," अफ्राकोमा म्हणाली.

"काय जाहीर करायचं?"

"हात. माझा डावा." तिचा आवाज चढला नाही, पण सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "बाबांचं मनगट आठ दिवस सुजलं, तर पूर्वजांपर्यंत निरोप गेला आणि डाव्याचा उजवा झाला. चार थेंबांत! मी इवलीशी होते. मिरचीची बोटं डोळ्यांना लागायची आणि मी रडत झोपायची. तेव्हा कुणाला बाटली आणायचं का नाही सुचलं? इथं सगळे जाणते बसलेत, सांगा ना."

यॉ तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान होता की आत्यांनी नजर वळवली. डोम्प्रेसाहेबांना लाज वाटली. चोरानं शिटी वाजवली तेव्हाची लाज वेगळी होती, ती कानाशी येऊन थांबली होती. ही आत उतरली. मिरची आपण स्वतः वाटायचो, बारीक लागावी म्हणून दोनदा वाटायचो, हे त्यांना लख्ख आठवलं.

ओपानिननी आपल्या बोलक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आम्ही म्हातारीला विचारून येतो." म्हातारी वगैरे कुणी नसते. अडचण आली की मंडळी उठून झाडाखाली जाऊन कुजबुजतात, त्याला तसं म्हणतात. आंब्याखाली बराच वेळ हातवारे झाले. मग मंडळी परत आली.

"म्हातारीची हरकत नाही," बोलका म्हणाला. "आणि तिचा संध्याकाळपुरता नको, कायमचाच करा म्हणते. फक्त आणखी एक बाटली लागेल."

बाटली आली. थेंब पडले. घोषणा झाली. बोआचींनी शंका काढली, "मग तिचा मूळचा उजवा आता कुठला धरायचा?" ओपानिननी त्यांच्याकडे असं पाहिलं की कस्टमच्या माणसानं जन्मात पहिल्यांदा प्रश्न मागे घेतला. तिसऱ्यांदा विचारल्यावर अफ्राकोमा म्हणाली, "घ्या."

घरात जेवणं बसली. अफ्राकोमानं थोरांच्या पंक्तीत, सगळ्यांदेखत, डाव्या हातानं फुफूचा गोळा तोडला, सुपात बुडवला आणि खाल्ला. एक थेंब सांडला नाही. मग ती डोम्प्रेसाहेबांकडे वळली. ते भरल्या ताटापुढे उपाशी बसले होते. हात गळ्यात, खिडक्या सताड उघड्या, आणि भिंतीपलीकडे असणारे बोआची आज समोरच. तिनं दुसरा घास केला, चांगला तिखट सुपात बुडवून, आणि बापाच्या तोंडाशी नेला.

"डावा हात, माफ करा," ती म्हणाली.

सगळी पंगत बघत होती. साहेबांनी तोंड उघडलं. फुफू चावायचं नसतं, गिळायचं असतं. सूप झणझणीत होतं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी गिळलं.